बीआरटीची लेन चौकात येऊन संपते: पुणे-पिंपरी चिंचवडचं काय चुकलं आणि आता काय करता येईल?

कात्रजघाट (धागाकर्ता):

नगर रोडची बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे बसला स्वतःची वेगळी लेन आणि थांबे) काढली तेव्हा इथे एक धागा निघाला होता, पण तो नेहमीसारखा दुसऱ्या पानावर मेट्रो विरुद्ध बीआरटी आणि चौथ्या पानावर पुणे विरुद्ध मुंबई झाला, म्हणून हा वेगळा काढतोय. मुंबईकरांनी दिवे घ्या, बेस्टचं कौतुक शेवटच्या पानासाठी राखून ठेवा.

तर शहर वाढायचं काही थांबत नाहीये. २०१७ ला ११ गावं पालिकेत घेतली, २०२१ ला आणखी २३, वाघोली-म्हाळुंगे-सूस-नऱ्हे सगळं आता पुणेच. पण तिथून आत येणारा रस्ता बऱ्याच ठिकाणी तोच आहे जो गाव असताना होता. कुणी म्हणतं उड्डाणपूल बांधा, कुणी म्हणतं मेट्रो वाढवा, आणि बसला स्वतःचा रस्ता द्या म्हटलं की लगेच उत्तर येतं, "ते पुण्यात फेल गेलंय".

फेल गेलं म्हणजे नक्की काय गेलं हे कुणी सांगत नाही. देशातली पहिली बीआरटी आपली, २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेटला सुरू झाली, मग हडपसरकडे नेली. शहरांच्या कामांना पैसा देणारी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना नुकतीच आली होती, पैसा होता, घाई होती. तेव्हा पुण्याची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगवेगळ्या होत्या, त्यांची मिळून पीएमपीएमएल झाली २००७ ला, म्हणजे लेन आधी बांधली आणि ती चालवणारी संस्था नंतर तयार झाली. थांबे साधेच, चढायला पायऱ्या, तिकीट बसमध्ये, लेन मध्येच तुटायची. याला बीआरटी म्हणायचं का हाच प्रश्न होता, पण नाव पडलं ते पडलं आणि बदनामही तेच झालं.

दुसरी खेप २०१५ ला, रेनबो नावाने. संगमवाडी-विश्रांतवाडी, तिकडे पिंपरी-चिंचवडात सांगवी-किवळे, पाठोपाठ नाशिक फाटा-वाकड, २०१६ ला येरवडा-वाघोली, आणि कोर्टकज्जे, आयआयटी मुंबईचं सेफ्टी ऑडिट असं सगळं होऊन २०१८ ला दापोडी-निगडी. ही खेप खरंच चांगली होती. उंच फलाट, बसला उजव्या बाजूला दारं, पायरी न चढता आत. सांगवी-किवळे रस्त्यावर जगताप डेअरी ते डांगे चौक बसने जाऊन बघा, आजही संध्याकाळी शेजारचा ट्रॅफिक उभा असताना बस सटासट निघते.

आता माझा मुद्दा. विश्रांतवाडीहून निघालेली बस संगमवाडीपर्यंत मस्त येते आणि तिथे लेन संपते. पुढे पाटील इस्टेटचा चौक, इंजिनिअरिंग कॉलेजचा चौक, म्हणजे जिथे खरी कोंडी आहे तिथे बस सगळ्यांच्या मागे रांगेत. लेनमध्ये वाचवलेला सगळा वेळ एका चौकात जातो. रस्ता रुंद आहे तिथे लेन दिली, अरुंद आहे तिथे कुणालाच दुखवायचं नव्हतं म्हणून सोडून दिली. माझ्या मते आपण बीआरटी नाकारली वगैरे काही नाही, आपण ती पूर्ण बांधलीच नाही, तुकडे बांधले आणि तुकडे एकमेकांना जोडायचे राहिले. ज्यांना रोज बसने जावं लागतं आणि ज्यांना बसच्या लेनमुळे रोज सिग्नलला उभं राहावं लागतं, दोघांनीही लिहा.

टू_व्हीलरवाला:

घ्या लिहितो. मी रोज सातारा रोडने जातो. तीन पदरी रस्त्यातला एक पदर बसला दिला, एकावर रिक्षा आणि पार्किंग, राहिला एक, त्यात आम्ही सगळे. शेजारची लेन रिकामी आणि आम्ही भापकर पंपापाशी पाय टेकवत टेकवत पुढे सरकतोय. ती रिकामी लेन बघून डोकं फिरतं साहेब. मग लोक घुसतात तर म्हणतात शिस्त नाही. पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्यात हे २०१८ लाच पेपरात येऊन गेलं, त्या गाड्या काय खिशात घालून न्यायच्या का?

खडूस_मावशी:

गाडी घरी ठेवून ये की मग रे बाबा.

टू_व्हीलरवाला:

मावशी, तुमची बस मला ऑफिसच्या दाराशी सोडत असेल तर आजच ठेवतो.

अनुजा_निगडी:

रिकामी लेन हा मुद्दा प्रत्येक वेळी येतो म्हणून एकदाच हिशोब मांडते. समजा दर मिनिटाला एक बस सुटतेय, जी आपल्याकडे फार थोड्या रस्त्यांवर सुटत असेल, आणि ती ताशी २० किमीने चाललीये. तरीही दोन बसच्या मध्ये साधारण ३३० मीटर मोकळा रस्ता दिसणारच. म्हणजे लेन अगदी भरपूर वापरली जात असली तरी बाजूच्या माणसाला ती रिकामीच दिसते. एका बसमध्ये गर्दीच्या वेळी ६० माणसं धरली तर तासाला ३६०० माणसं एका पदरातून गेली. आता तुमच्या पदरातून किती गेली ते मोजा, कारमध्ये बहुतेक वेळा एकच माणूस बसलेला असतो.

पण, आणि हा पण मोठा आहे, आपल्याकडे बस दर मिनिटाला येत नाही. पंधरा मिनिटांनी येते. मग तासाला २४० माणसं, आणि मग टू_व्हीलरवाला यांचं डोकं फिरतं ते बरोबरच आहे की.

कात्रजघाट:

अनुजा, अगदी इथेच यायचं होतं. बस कमी आहेत म्हणून लेन रिकामी, आणि लेन नाही म्हणून बस कमी पडतात. दुसरा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. १५ किमीचा मार्ग घ्या. ट्रॅफिकमध्ये ताशी १२ ने बस चालली तर एका बाजूला ७५ मिनिटं, जाऊन येऊन १५०, दोन्ही टोकांना मिळून वीस मिनिटं उभी, झाली १७०. दर पाच मिनिटांनी बस द्यायची तर ३४ बस लागतात. तीच बस अखंड लेनमध्ये ताशी २० ने चालली तर ४५ मिनिटं, जाऊन येऊन ९० अधिक २०, म्हणजे ११० मिनिटं, आणि बस लागतात २२. एका मार्गावर १२ बस आणि त्यांचे चालक-वाहक मोकळे झाले, ते दुसरीकडे वापरा. लाख माणसांमागे ५०-६० बस पाहिजेत असं वाहतूकवाले सांगतात, तेवढ्या आपल्याकडे कधी नव्हत्या, आहेत त्याही निम्मा वेळ सिग्नलला धूर सोडत उभ्या असतात. नवीन बस घेणं महाग आहे हो, आहे त्या बसला पळू देणं स्वस्त आहे.

डांबरट:

वीस वर्षं रस्त्यांच्या कामात गेली, त्यामुळे थोडं बोलू द्या. धाग्याच्या नावात चौक आहे हे आवडलं, कारण बीआरटीचं खरं डिझाइन चौकाचं असतं, मधला पट्टा कुणीही रंगवतं.

बस रस्त्याच्या मधोमध चालते. तुम्ही तिच्या डावीकडून गाडी घेऊन येता आणि तुम्हाला चौकात उजवीकडे वळायचंय. म्हणजे सरळ जाणाऱ्या बसला तुम्ही आडवे जाणार. मग दोघांना एकाच वेळी हिरवा देता येत नाही, उजव्या वळणाला वेगळा फेज, म्हणजे वेगळा हिरवा द्यावा लागतो. चारी बाजूंना असं केलं की सिग्नलचं एक चक्र अडीच-तीन मिनिटांवर जातं आणि सगळेच बोंबलतात, बसमधले पण. दिल्लीच्या बीआरटीत आंबेडकर नगर-मूलचंद पट्ट्यावर चिराग दिल्लीच्या चौकात हेच झालं. पट्टा ५.८ किमीचा, पण बदनामी सगळी त्या चौकाने केली. गंमत बघा, २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने बीआरटीच्या बाजूने निकाल दिला होता, तरी २०१६ ला तोडलीच.

उपाय माहीत नाही असं नाहीये. मोठ्या चौकात उजवं वळण बंद करायचं, ३००-४०० मीटर पुढे यू टर्न द्यायचा किंवा डावीकडून ब्लॉकला वळसा घालून आणायचं. फेज दोनच राहतात, चक्र दीड मिनिटात येतं, बसला फायदा आणि गाड्यांनाही फायदा. पण उजवं वळण बंद केलं की त्या चौकातले दुकानदार, सोसायट्या, नगरसेवक सगळे जमतात आणि आठ दिवसात ते उघडतं. मी हे उघडताना पाहिलंय, बॅरिकेड रात्री लावलं, सकाळी दहाला बाजूला.

साबरमतीकर:

अमदाबादला राहतो, मूळ गाव सातारा. इथली बीआरटी, जनमार्ग, २००९ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पहिला टप्पा पिराणा ते आरटीओ, साधारण साडेबारा किमी. पुण्याची झाली होती, दिल्लीची झाली होती, ते बघून इथे वेगळं केलं असं म्हणायला जागा आहे. सेप्ट युनिव्हर्सिटीवाल्यांनी डिझाइन केलं आणि सुरुवातीचं सूत्र असं होतं की गर्दीच्या जागा जोडायच्या पण गर्दीचे रस्ते टाळायचे. म्हणजे पहिल्या दिवशी भांडण नको, लोकांना आधी चांगली चालणारी बस बघू दे. थांब्यावर तिकीट, दार फलाटाला लागणार, बस आत बाहेर करणार नाही, लेनमध्येच राहणार. पहिले काही महिने तर फुकट चालवली.

पण सगळं गोडगोड नाहीये. एएमटीएस ही शहराची साधी बस वेगळी, जनमार्ग वेगळी, दोन वेगळे कारभार, दोन वेगळी तिकिटं, एकाच रस्त्यावर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात. आणि गर्दीचे रस्ते टाळायचं ते सूत्र पुढे अडचणीचं झालं, कारण माणसाला जायचं असतं गर्दीच्याच रस्त्यावर. २०१० ला आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं त्या जोरावर बरीच वर्षं काढली.

कात्रजघाट:

साबरमतीकर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आपण उलटं केलं. पहिल्याच झटक्यात कात्रज-स्वारगेट, म्हणजे सगळ्यात जास्त भांडणाचा रस्ता घेतला, आणि तोही अर्धाकच्चा.

पासवाली:

लेन, फेज, चक्र सगळं ठीक आहे पण भाड्याबद्दल कोणीच बोलत नाही. २०२५ च्या जूनपासून कमीत कमी तिकीट १० झालं, रोजचा पास ४० चा ७०, महिन्याचा ९०० चा १५००. माझ्या ऑफिसातल्या दोघी तेव्हापासून एका ॲक्टिव्हावर येतात. दोघींचं येऊन जाऊन वीस किमी धरा, ४५ चं ॲव्हरेज धरा, पेट्रोल पन्नास रुपयांच्या आत, म्हणजे प्रत्येकी पंचवीस. बसने दोघींचे १४०. आता मला सांगा त्यांना कोणत्या तोंडाने बस घ्या म्हणू? मी बसने येते कारण मला गाडी चालवायची भीती वाटते, तत्त्व वगैरे काही नाही.

भाऊसाहेब_६२:

ताई, पण भाडं दहा वर्षं वाढलंच नव्हतं, तोटा दोन्ही पालिका भरतात म्हणजे तुम्हीआम्हीच भरतो. आणि आता मेट्रो आलीये ना. स्वारगेट ते पिंपरी गारेगार जाता येतं. माझं वय बघता मला तरी बीआरटीची चर्चा म्हणजे लँडलाइनची चर्चा वाटते. मेट्रो वाढवा, संपला विषय.

कात्रजघाट:

काका, मेट्रोला माझा विरोध नाही, मीही स्वारगेटहून मेट्रोच घेतो. पण हिशोब बघा. पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली तेव्हा ३१.२५ किमीला ११,४२० कोटी, म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटींच्या पुढे, त्यात थोडा भाग भुयारी आहे हे मान्य. २०२५ च्या जूनमध्ये वनाझ-चांदणी चौक आणि रामवाडी-वाघोली मंजूर झाली, पावणेतेरा किमीला ३,६२६ कोटी. ती बांधून होईपर्यंत वाघोलीकर कशाने येणार? आणि झाल्यावरही स्टेशनपासून घर तीन किमी असेल तर? उंड्री, नऱ्हे, सूस, मांजरी इथे प्रत्येक ठिकाणी मेट्रो जाणार आहे का? मोठ्या शहराला दोन्ही लागतात.

जकार्ता_रिटर्न:

+१. चार वर्षं जकार्तात काढली म्हणून लिहितो. तिथली बीआरटी, ट्रान्सजकार्ता, २००४ च्या जानेवारीत सुरू झाली, पहिला मार्ग ब्लोक एम ते कोता, शहराच्या सगळ्यात महत्त्वाच्या सुदीरमान-तामरिन रस्त्यावरून. २०१९ ला त्याच रस्त्याखालून मेट्रो सुरू झाली. आता सांगा, वरची बीआरटी काढली का? नाही. सेनायानपासून शहराच्या मध्यापर्यंत वर बस, खाली मेट्रो, दोन्हीकडे माणसं. बसने जायचं तर ३५०० रुपिया, आपले वीसेक रुपये, आणि हे भाडं वर्षानुवर्षं तेच आहे. एकदा फलाटावर शिरलात की मार्ग बदला, दुसरी बस घ्या, पुन्हा पैसे नाहीत. सुरुवातीला तिथेही गाड्या घुसायच्या, मग लेनच्या तोंडाशी फाटकं लावली, दंड वाढवला, पोलीस उभे केले. लोक अजून घुसतात पण पकडले जायची भीती असते. आपल्याकडे लेनच्या तोंडाशी शिट्टी वाजवणारा एक वॉर्डन असतो, त्याला स्वतःचा जीव वाचवायची पडलेली असते.

आणि साध्या बसचे मार्ग, छोट्या गल्लीतल्या व्हॅनसुद्धा त्याच तिकिटात जोडत नेल्या, त्यामुळे ट्रान्सजकार्ता म्हणजे फक्त लेन राहिली नाही. इथे लोक बीआरटी म्हणजे रंगवलेला रस्ता समजतात.

डांबरट:

कोलंबियातल्या बोगोटाची एक गोष्ट यात घाला. तिथली बीआरटी ट्रान्समिलेनिओ, २००० सालची, पेनयालोसा महापौर असतानाची. तिथे एका दिशेने तासाला ४० हजारांच्या वर माणसं जातात, म्हणजे बऱ्याच मेट्रोंपेक्षा जास्त. जादू काय? स्टेशनपाशी बसला दोन पदर आहेत. एक बस उभी असेल तर मागची तिला ओलांडून पुढे जाते, एक्सप्रेस बस थांबतच नाही. आपल्याकडे एकच पदर, पुढच्या बसमध्ये आजोबा चढतायत तोवर मागच्या चार बस उभ्या. लोकांना वाटतं बसच्या वेगाने क्षमता ठरते, ती ठरते थांब्यावर किती सेकंद जातात त्याने.

धारवाडी_फेढा:

हे हुबळी-धारवाडला केलंय हो. २२ किमी, थांब्यापाशी ओलांडायला जागा, सगळीकडे थांबणारी बस वेगळी आणि एक्सप्रेस वेगळी. चिगरी म्हणतात बसला. २०१८ पासून चालतीये. विद्यार्थ्यांची सोय झाली हे खरं, पण इथेही रोज कुणीतरी म्हणतो लेन काढा, गाड्यांना द्या. पाऊस पडला की रस्त्यात पाणी, नाव बीआरटीचं.

इंदौरी_सराफा:

आमच्याकडे तर काढलीच. एबी रोडवर ११.५ किमीची आयबस, २०१३ ला सुरू, एसी बस, मधोमध स्टेशन, आणि भरून जायची. २०२४ च्या शेवटी मुख्यमंत्र्यांनी काढायची घोषणा केली, २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाचा आदेश आला, आणि रेलिंग तोडायला सुरुवात. भोपाळची तर त्याच्या आधीच गेली. आमच्या घरी अजून मराठी बोलतो म्हणून हे वाचून बरं वाटलं की रडणारे आम्ही एकटे नाही.

खडूस_मावशी:

आता माझं ऐका. सगळे लेनवर बोलताय, मला सांगा त्या मधल्या स्टेशनवर जायचं कसं? रस्त्याच्या मधोमध तुमचा थांबा, मी फुटपाथवर, मध्ये तीन पदर गाड्यांचे. झेब्रा पुसलेला, सिग्नलला माणसाचा हिरवा दिवा बारा सेकंद, त्यात माझे गुडघे. पद्मावतीपाशी एकदा उभी होते तर एका कॉलेजच्या पोराने हात धरून नेलं, पोरगं चांगलं होतं पण रोज कुठून आणायचं. वर पादचारी पूल बांधतात, चाळीस पायऱ्या. ज्याला चाळीस पायऱ्या चढता येतात तो रस्ता पळत ओलांडतो, ज्याला येत नाहीत त्याला पुलाचा काय उपयोग. बसमध्ये पायरी नको म्हणून फलाट उंच केलात आणि फलाटापर्यंत यायला चाळीस पायऱ्या लावल्यात, हे कुणी ठरवलं?

डांबरट:

मावशी दंडवत. रस्त्याच्या पातळीवरच ओलांडायला हवं, गाड्यांसाठी उंचवटा करून, आणि माणसांच्या सिग्नलला पुरेसा वेळ देऊन. हे कागदावर असतं. मग कुणीतरी म्हणतं वाहतूक मंदावेल.

टू_व्हीलरवाला:

मंदावेलच की.

खडूस_मावशी:

मंदावू दे.

चाकावरचा_माणूस:

माझा मामेभाऊ बसवर चालक आहे, त्याच्याशी बोलून लिहितोय. तो म्हणाला बीआरटीत गाडी लावणं हे कसब आहे. चालक उजवीकडे बसतो आणि फलाटही उजवीकडे, म्हणून कड त्याला खिडकीतून खाली सरळ दिसते, त्यामुळे चांगला चालक वीतभर फट ठेवून लावतो. पण समोर कुणी बाइकवाला लेनमध्ये उभा असेल तर आधी ब्रेक, मग गाडी तिरकी लागते, पुढचं दार चिकटलेलं आणि मागच्या दाराशी हातभर फट. मग म्हाताऱ्या माणसाला कंडक्टर ओरडतो, "उडी मारू नका, पुढून उतरा". आणि फलाटावरची ती आपोआप उघडणारी काचेची दारं, ती बऱ्याच ठिकाणी कायमची उघडीच असतात, मोटर गेली की कोण बघतंय.

त्याने आणखी एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ठेकेदाराच्या बसचे पैसे किलोमीटरवर मिळतात. त्यात प्रवासी किती हे येत नाही. तर थांब्यावर न थांबता पुढे जायचा मोह कुणालाही होईल, कारण थांबलं तर वेळ जातो, फेरी चुकते. लेन चांगली असेल तर फेरी चुकत नाही आणि तो मोहही कमी होतो. त्याचं म्हणणं, मला लेन द्या, मी वेळेत आणतो, ट्रॅफिकमध्ये सोडून मग वेळापत्रक विचारू नका.

कात्रजघाट:

चाकावरचा माणूस, भावाला सांगा इथे येऊन लिहा म्हणावं, आमच्यापेक्षा चांगलं लिहील.

आता एवढं सगळं वाचून मला जे वाटतं ते लिहितो, पटलं तर बघा. सगळीकडचं सार काढायला गेलो तर एकच दिसतं, लेन कुणी काढून टाकू शकेल इतकी ती एकटी ठेवू नका. इंदूरला एकच रस्ता होता, दिल्लीला एकच, आपल्याकडे पाच-सहा तुकडे पण प्रत्येक तुकडा एकटा. एकटा तुकडा काढला तर आंदोलन करणारी माणसं किती असणार? जकार्ताचा पहिला मार्ग काढायचा म्हटला तर सगळं शहर अडकेल, कारण बाकीचे मार्ग त्याला येऊन मिळतात. म्हणून तोडणं परवडत नाही.

तेव्हा नवीन किलोमीटर रंगवायच्या आधी आहेत त्या तुकड्यांमधली दोनदोन किमीची भोकं भरा. संगमवाडी ते मनपा भवन. कात्रजकडून आलेली लेन जेधे चौकाच्या अलीकडे सोडून देता ती स्वारगेट मेट्रो स्टेशनच्या दारापर्यंत न्या. दापोडीहून हॅरिस पूल ओलांडून बोपोडी, खडकी. इथे रस्ता रुंद नाही हे मला माहितीये, तिथे पूर्ण वेळ लेन शक्य नसेल तर निदान चौकाच्या अलीकडची दीडशे मीटर बसला द्या, म्हणजे सिग्नलला बस रांगेच्या पुढे येऊन उभी राहील. खर्च रंगाचा आणि दोन कॅमेऱ्यांचा. आणि नवीन गावांमधले डीपी (विकास आराखड्यातले) रस्ते अजून कागदावर आहेत तोवर त्यात मधली जागा राखून ठेवा, एकदा दुकानं लागली की ती मिळणार नाही.

टू_व्हीलरवाला:

दीडशे मीटरची आयडिया चालेल मला. पूर्ण लेनपेक्षा बरी. पण यू टर्न ४०० मीटर पुढे देणार असाल तर तिथे उलट्या दिशेने येणाऱ्यांचं काय, आमच्या इथे यू टर्न टाळायला अर्धं गाव राँग साइडने येतं.

डांबरट:

ते होणार. दुभाजक उंच आणि सलग ठेवला तर कमी होतं, बंद नाही होत.

पासवाली:

आणि भाडं?

कात्रजघाट:

भाड्याचं माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण अखंड लेनमुळे त्याच बस, त्याच चालकांमध्ये जास्त फेऱ्या निघतात, म्हणजे तोटा तिथून कमी होऊ शकतो, तुमच्या खिशातून नाही. आणि मेट्रो-बसचं एकच तिकीट, मध्ये उतरलं म्हणून दुसऱ्यांदा पैसे नकोत, एवढं तरी मागूच शकतो.

अनुजा_निगडी:

एक काळजी आहे. आता पिंपरी-निगडी मेट्रोचं काम सुरू आहे, त्याच जुन्या हायवेवर. खांब, बॅरिकेड, क्रेन. आमच्या दापोडी-निगडी लेनचं पुढे काय? नगर रोडलाही मेट्रो आली आणि तिथली बीआरटी आता नाहीये. इकडे "कामापुरती बंद" असं कुणी म्हणालं तर ती परत उघडेल याची खात्री कोण देणार?

कात्रजघाट:

कुणीच देणार नाही, म्हणून आधीच लेखी मागायला हवं. काम कुठून कुठपर्यंत, लेनचा कोणता भाग किती महिने बंद, आणि खांब झाल्यावर लेन किती रुंदीची परत मिळणार, हे पिंपरी-चिंचवड पालिका आणि मेट्रो दोघांकडे माहितीच्या अधिकारात टाका. मी मसुदा लिहून उद्या इथेच चिकटवतो, निगडी-आकुर्डी-चिंचवडची जितकी माणसं आपापल्या नावाने टाकतील तितकं बरं. डांबरट साहेब, रुंदीचा आकडा कसा मागायचा, खांबाच्या पायापासून की दुभाजकापासून, तेवढं सांगाल का?

डांबरट:

खांबाचा पाया धरू नका. लेनच्या दोन्ही कडांमधलं मोकळं अंतर मागा, किमान साडेतीन मीटर, आणि थांब्यापाशी वेगळं मागा. सोबत क्रॉस सेक्शनचं, म्हणजे रस्त्याच्या आडव्या छेदाचं ड्रॉइंग मागा, ते दिलं नाही तर अपील करता येतं.